जॅकोबाइट वाफेची गाडी, फोर्ट विल्यम ते मॅलेग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडला जाणारी मराठी मंडळी या गाडीबद्दल पुन्हा पुन्हा तेच प्रश्न विचारतात. बरेचसे तिकिटांचे आणि फोटोंचे असतात. इंजिनाबद्दल आणि त्या मार्गाबद्दल फार कमी जण विचारतात, आणि खरं सांगायचं तर पाहण्यासारखं तेच आहे. म्हणून तिकिटांची उत्तरं थोडक्यात दिली आहेत आणि बाकीची जरा सविस्तर.

ही गाडी नेमकी कुठून कुठे जाते?

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याकडे, फोर्ट विल्यमहून मॅलेगला. फोर्ट विल्यम हे बेन नेव्हिसच्या पायथ्याचं गाव. बेन नेव्हिस 1345 मीटर उंच, म्हणजे ब्रिटनमधला सर्वांत उंच डोंगर. मॅलेग हे समुद्रकाठचं मासेमारीचं बंदर. एका बाजूचं अंतर 41 मैल, म्हणजे साधारण 66 किलोमीटर. जायला दोन तासांच्या आसपास लागतात, मॅलेगला दीड-दोन तास थांबायला मिळतं आणि तीच गाडी तुम्हाला परत आणते. हंगाम वसंतापासून ऑक्टोबरपर्यंत.

हे खरंच जुनं इंजिन आहे, की जुन्यासारखं दिसणारं नवं?

खरंच जुनं. या मार्गावर बहुतेक वेळा 'ब्लॅक फाइव्ह' वर्गातलं इंजिन असतं. विल्यम स्टॅनियर यांनी लंडन, मिडलंड अँड स्कॉटिश रेल्वेसाठी हा वर्ग आखला. 1934 ते 1951 या काळात अशी 842 इंजिनं तयार झाली आणि त्यांतली 18 आज शिल्लक आहेत. मालगाडी असो, एक्सप्रेस असो की गावोगाव थांबणारी पॅसेंजर, हे इंजिन कुठेही जोडलं जायचं. ते राजेशाही थाटाचं इंजिन नाही, कामकरी इंजिन आहे, आणि मला ते त्यासाठीच आवडतं.

इंजिनाचं वजन सुमारे 72 टन. मागच्या टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्यात, 9 टन कोळसा आणि 4000 गॅलन, म्हणजे सुमारे 18,000 लिटर पाणी मावतं. बॉयलरमधला दाब चौरस इंचाला 225 पौंड. ओढणारी चाकं सहा फूट व्यासाची, म्हणजे शेजारी उभं राहिलात तर चाक तुमच्या डोक्याइतकं येईल.

कधी कधी 62005 क्रमांकाचं के-1 वर्गातलं इंजिनही या मार्गावर धावलं आहे. ते 1949 मध्ये ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीत बनलं. या वर्गातली 70 इंजिनं बनली होती, उरलं ते हे एकच. ही इंजिनं वाफेच्या काळात याच मार्गावर नेहमी राबायची, त्यामुळे 62005 इथे दिसलं तर नशीब समजा.

इंजिन 'जीर्णोद्धार' केलेलं आहे म्हणजे काय केलेलं असतं?

हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतं. पण इंजिन चालू दिसतं ते याच कामामुळे.

ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गांवरची वाफेची सेवा ऑगस्ट 1968 मध्ये बंद केली. 11 ऑगस्टला निरोपाची शेवटची गाडी धावली. ती ओढणाऱ्या इंजिनांत 44871 क्रमांकाचं ब्लॅक फाइव्ह होतं, आणि तेच इंजिन पुढे जॅकोबाइटलाही जोडलं गेलं आहे. बाकीची हजारो इंजिनं भंगारात गेली. जी वाचली ती हौशी लोकांनी वर्गणी काढून, कर्ज काढून विकत घेतली म्हणून वाचली.

विकत घेणं हा त्यातला सोपा भाग होता. बॉयलर म्हणजे उकळतं पाणी आणि वाफ दाबून धरणारं पोलादी पिंप, त्यात हयगय चालत नाही. साधारण सात ते दहा वर्षांनी बॉयलर सांगाड्यावरून उचलून बाहेर काढावा लागतो. आतल्या धुराच्या नळ्या बदलतात, गंजून पातळ झालेला पत्रा कापून नवा जोडतात, अग्निपेटीचे आधारबोल्ट एकेक तपासतात. मग दाबाची चाचणी होते आणि ती पार पडली तरच पुढच्या काही वर्षांचा परवाना मिळतो. चाकांच्या पोलादी धावा लेथवर पुन्हा घासून आकारात आणतात, बेअरिंगं नव्याने ओततात. सुट्या भागांचे कारखाने कधीच बंद पडले, त्यामुळे नकाशे शोधून एकेक भाग घडवावा लागतो. एका इंजिनाचं हे काम वर्षानुवर्षं चालू शकतं.

जॅकोबाइट चालवणाऱ्या वेस्ट कोस्ट रेल्वेजचं मुख्य ठाणं लँकशरमधल्या कार्नफोर्थला आहे. 1968 मध्ये अगदी शेवटपर्यंत वाफेची इंजिनं सांभाळणाऱ्या तीन शेडांपैकी ही एक. दुरुस्तीची विद्या तिथून पूर्ण कधी गेलीच नाही.

हीच का ती हॅरी पॉटरची गाडी?

मार्ग तोच, ग्लेनफिननचा कमानींचा पूल तोच. इंजिन ते नाही.

पडद्यावर दिसलेलं लाल इंजिन म्हणजे ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं 5972 क्रमांकाचं 'ओल्टन हॉल', 1937 मध्ये स्विंडनला बनलेलं. वेल्समधल्या बॅरीच्या भंगार आवारातून ते 1981 मध्ये सोडवलं गेलं. चित्रीकरणासाठी त्याला लाल रंग दिला आणि आता ते लंडनजवळच्या स्टुडिओत प्रदर्शनात उभं आहे. फोर्ट विल्यमच्या फलाटावर तुम्हाला काळं इंजिन दिसेल. मुलांना हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे त्यांचा हिरमोड होणार नाही. आणि हेही सांगा की लाल इंजिन स्टुडिओत थंड उभं आहे, हे काळं अजून कोळसा खातं आणि चढ चढतं.

गाडीला 'जॅकोबाइट' का म्हणतात?

पदच्युत राजा जेम्स दुसरा याच्या घराण्याला गादी परत मिळावी म्हणून लढणारे ते जॅकोबाइट. जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट याने 19 ऑगस्ट 1745 रोजी ग्लेनफिननला निशाण उभारलं आणि डोंगरी कुळांना लढ्यासाठी एकत्र आणलं. पुढच्या एप्रिलमध्ये कलोडनच्या रणात सगळं संपलं. काही महिने रानावनांत लपत फिरून तो सप्टेंबर 1746 मध्ये लॉख नान ऊआच्या काठावरून फ्रेंच जहाजाने निसटला ('लॉख' म्हणजे तिथल्या भाषेत सरोवर किंवा खाडी). ही दोन्ही ठिकाणं रुळांच्या अगदी जवळ आहेत. ग्लेनफिननचा स्मारकस्तंभ 1815 मधला, लॉख शीलच्या काठावर उभा आहे आणि पुलावरून जाताना डावीकडे दिसतो.

वाटेत काय काय दिसतं? किनारा कुठे लागतो?

फोर्ट विल्यम सोडल्यावर लवकरच बॅनव्ही येतं. इथे गाडी कॅलेडोनियन कालव्यावरचा फिरता पूल ओलांडते. शेजारीच अभियंता थॉमस टेलफर्डच्या आठ जलद्वारांची पायरीवजा रांग आहे, तिला 'नेपच्यूनचा जिना' म्हणतात. हा कालवा 1822 मध्ये खुला झाला. साऱ्या मार्गाचं सिग्नलिंगही बॅनव्हीहूनच चालतं. एकेरी रूळ आहे, आणि पुढे जाण्याची परवानगी देणारं टोकन रेडिओवरून थेट इंजिनात मिळतं. 1980च्या दशकात ही पद्धत आली, खर्च उतरला आणि मार्ग तगायला मोठी मदत झाली. कोळशाच्या इंजिनात बसवलेलं ते रेडिओचं यंत्र पाहून मला दर वेळी बरं वाटतं.

मग बराच वेळ लॉख आयलचा काठ. ही समुद्राचीच खाडी आहे. ओहोटीला चिखल आणि शेवाळाने माखलेले दगड उघडे पडतात, कोकणातल्या माणसाला हा वास ओळखीचा वाटेल. त्यानंतर चढ सुरू होतो आणि ग्लेनफिनन येतं. पुढे लॉख आयल्ट हे गोड्या पाण्याचं सरोवर, त्यातल्या लहान बेटांवर पाइनची झाडं. लॉखआयलॉर्टनंतर मात्र खरा समुद्र. बोगदे, खोल कटिंगं (डोंगर कापून काढलेली वाट), एका बाजूला खडक आणि अचानक उघडणारं पाणी. बहुतेक लोक ग्लेनफिनन झालं की कॅमेरा ठेवून चहाकडे वळतात. कृपा करून असं करू नका. लॉखआयलॉर्ट ते ॲरिसेग हा टप्पा साऱ्या प्रवासातला सर्वांत देखणा आहे असं माझं ठाम मत आहे.

ॲरिसेग हे ब्रिटनचं सर्वांत पश्चिमेकडचं रेल्वे स्थानक. तिथून पुढे हवा स्वच्छ असेल तर एग आणि रम ही बेटं दिसतात. मग मोरार. तिथली वाळू जवळजवळ पांढरी आहे. लगतचं लॉख मोरार 310 मीटर खोल, गोड्या पाण्याच्या ब्रिटिश सरोवरांत सर्वांत खोल. आणि शेवटी मॅलेग.

ग्लेनफिननच्या पुलाचं एवढं काय?

21 कमानी, लांबी 380 मीटर, उंची सुमारे 30 मीटर, आणि सगळा पूल वळणावर. म्हणूनच डब्यात बसून पुढचं इंजिन धूर सोडत जाताना दिसतं.

पण खरी गोष्ट काँक्रीटची आहे. हा मार्ग 1897 ते 1901 या काळात बांधला गेला. इथला खडक कमालीचा कठीण. त्याचे घडीव चिरे काढून पूल बांधायचा तर वेळ आणि पैसा दोन्ही परवडले नसते. ठेकेदार रॉबर्ट मॅकअल्पाइन यांनी कटिंगमधून निघालेला तोच खडक फोडून खडी केली आणि पूल, खांब, कमानी काँक्रीटमध्ये ओतल्या. त्यात लोखंडी सळई नाही. नुसतं काँक्रीट सव्वाशे वर्षं गाड्या पेलत उभं आहे. त्यांचं टोपणनावच 'काँक्रीट बॉब' पडलं. बोरोडेलच्या पुलाची कमान सुमारे 39 मीटरची, आणि त्या वेळी काँक्रीटची जगातली सर्वांत लांब कमान होती.

एक दुःखद गोष्टही याच मार्गावरची आहे. बांधकामाच्या वेळी एक घोडा गाडीसकट पुलाच्या पोकळ खांबात पडला आणि तिथेच गाडला गेला, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत. सगळ्यांना वाटे तो खांब ग्लेनफिननचा. 2001 मध्ये शोध घेतला तेव्हा घोड्याचे आणि गाडीचे अवशेष लॉख नान ऊआच्या पुलाच्या मोठ्या खांबात असल्याचं दिसून आलं. त्या पुलावरून जाताना त्या मुक्या जनावराची आठवण ठेवा.

इतक्या दूर, विरळ वस्तीत रेल्वे नेली तरी कशाला?

मासळीसाठी. मॅलेगच्या किनाऱ्यावरची हेरिंग ताजी असताना दक्षिणेच्या बाजारात पोचली पाहिजे, हा मुख्य विचार. फोर्ट विल्यमपर्यंत रेल्वे 1894 मध्ये आली होती. पुढचा टप्पा स्वतःच्या कमाईवर उभा राहणार नाही हे उघड होतं, म्हणून 1896 मध्ये संसदेने भांडवलावर सरकारी हमी दिली. त्यावर तेव्हा मोठा वाद झाला. 1 एप्रिल 1901 रोजी मार्ग खुला झाला. आज मासळी रस्त्याने जाते.

कुठल्या बाजूला बसावं?

जाताना डावीकडे. पुलाचं वळण, लॉख शील आणि पुढे समुद्र, बहुतेक सगळं त्या बाजूला येतं. आसनं आरक्षित असतात, त्यामुळे निवड नेहमी हातात नसते. उजवीकडची जागा मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, त्या बाजूलाही डोंगर आहेत आणि येताना गर्दी पांगते.

इंजिनाचा आवाज ऐकायचा असेल तर जाताना पुढचा डबा मिळवायचा प्रयत्न करा. ग्लेनफिनन आणि बीझडेलच्या आसपास 50 ला 1, 48 ला 1 असे चढ आहेत. 50 ला 1 म्हणजे 50 फूट पुढे गेल्यावर 1 फूट चढ. तुलनेसाठी सांगतो, कोकण रेल्वेवर चढ 150 ला 1 पेक्षा तीव्र ठेवलेला नाही आणि आपला बोरघाट 37 ला 1 आहे. अशा चढावर ब्लॅक फाइव्ह सात डबे घेऊन, पावसाने निसरड्या झालेल्या रुळांवर चढताना ऐकणं हा वेगळाच अनुभव आहे. वाफेच्या दर फेकीचा आवाज सुटा ऐकू येतो. फायरमन त्या वेळी सतत फावडं मारत असतो.

परत येताना इंजिन उलटं का असतं?

मॅलेगला इंजिन फिरवायची तबकडी, म्हणजे टर्नटेबल नाही. त्यामुळे इंजिन सुटं होऊन शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला येतं आणि टेंडर पुढे ठेवून गाडी ओढतं. मॅलेगला उतरल्यावर लगेच जेवायला पळू नका. फलाटावर दहा मिनिटं थांबा. जोडणी सोडणं, इंजिन मागे-पुढे घेणं, पुन्हा जोडणं हे सगळं जवळून दिसतं. ड्रायव्हर-फायरमन मोकळे असतील तर मुलांशी बोलतात, पण काम चालू असताना त्यांना प्रश्न विचारू नयेत.

खिडकीतून डोकं बाहेर काढून फोटो घेता येतील का?

नाही. बोगदे आणि कटिंगच्या भिंती अगदी जवळून जातात, झाडांच्या फांद्या तर डब्याला घासतात. शिवाय डोळ्यात कोळशाची कणी गेली तर पुढचा सगळा प्रवास डोळे चोळण्यात जाईल. पांढरे कपडे टाळा.

मध्यंतरी दरवाज्यांवरून गाडी बंद झाली होती म्हणे?

हो. डबे जुन्या पद्धतीचे आहेत आणि त्यांचे दरवाजे बिजागरीवर बाहेर उघडतात. सगळे दरवाजे एका ठिकाणाहून बंद करण्याची सोय असलीच पाहिजे असा ब्रिटनच्या रेल्वे सुरक्षा नियामकाचा आग्रह होता. कंपनीचं म्हणणं, आमचे कर्मचारी दरवाजे सांभाळतात, आणि बदलाचा खर्च फार. प्रकरण न्यायालयात गेलं आणि डिसेंबर 2023 मध्ये निकाल कंपनीच्या विरोधात लागला. या वादात काही काळ फेऱ्या थांबल्या होत्या. जुनी गाडी मलाही जशीच्या तशी हवी असते, पण धावत्या गाडीत मुलं असतात, आणि माझ्या मते नियामक बरोबर होता. विमानाचं तिकीट काढण्याआधी त्या वर्षीच्या फेऱ्या सुरू आहेत का हे तपासून घ्या.

कोळसा अजून मिळतो का? प्रदूषणाचं काय?

मिळतो, पण अवघड झालं आहे. वेल्समधली फोस-य-फ्रॅन ही मोठी खुली खाण 2023 च्या अखेरीस बंद झाली, आणि अशा गाड्यांना आता बाहेरच्या देशांतून कोळसा आणावा लागतो. प्रत्येक इंजिनाला कुठलाही कोळसा चालत नाही. राख किती, आच किती, धूर किती, सगळं पाहावं लागतं.

प्रदूषण होतं हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मोजक्या इंजिनांच्या हंगामी फेऱ्यांसाठी लागणारा कोळसा देशाच्या हिशेबात फारच थोडा आहे, आणि त्या बदल्यात एक जिवंत विद्या टिकते. फार कोरडं हवामान असेल तर ठिणगीने वणवा लागू नये म्हणून अशा सहलींवर डिझेल इंजिन लावलं जातं. तसं झालं तर चिडू नका.

आपल्याशी याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो इंजिनांच्या कारखान्यांतून येतो. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेलेली पहिली गाडी ओढणारी इंजिनं इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनली होती. ब्लॅक फाइव्हची अगदी पहिली तुकडीही 1934 मध्ये त्याच कारखान्यातून बाहेर पडली. 62005 बनवणाऱ्या ग्लासगोच्या कंपनीने भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूजी वर्गाची पहिली मालइंजिनं पुरवली. ज्यांच्या घरात कोणी भुसावळ किंवा दौंडच्या शेडमध्ये फायरमन होतं, त्यांना फोर्ट विल्यमच्या फलाटावरचं बरंचसं ओळखीचं वाटेल.

कोकण रेल्वेवर अशी गाडी का नाही, असंही विचारतात. कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण झाली तीच डिझेलवर, आणि आता तिचं विद्युतीकरण झालं आहे. वाफेचा तिला इतिहासच नाही. मुरगाव बंदरातून घाट चढणाऱ्या गोव्याच्या मार्गाला मात्र आहे, तो 1888 पासूनचा. तिथे दूधसागरापर्यंत हंगामी वाफेची गाडी निघावी असं मला मनापासून वाटतं.

कधी जावं?

मे आणि जूनचा पूर्वार्ध. दिवस मोठा, रात्री दहापर्यंत उजेड, आणि चावणारी चिलटं अजून कमी. तिथे त्यांना मिज म्हणतात, आणि वारा पडला की ग्लेनफिननला त्यांचे ढग उठतात. ऑगस्टमध्ये हेदर या रानझुडपाचा जांभळा रंग डोंगरावर असतो, ऑक्टोबरमध्ये नेचे तांबूस होतात. पाऊस कधीही येतो. ढगाळ, थंड दिवशी वाफ जास्त दाट दिसते, तेव्हा ऊन नाही म्हणून खट्टू होऊ नका.

तिथपर्यंत पोचायचं कसं?

ग्लासगो क्वीन स्ट्रीटहून फोर्ट विल्यमला रेल्वेने पावणेचार तासांच्या आसपास. रॅनक मूरच्या ओसाड दलदलीवरून जाणारा हा प्रवास जॅकोबाइटच्या तोडीचा आहे. लंडन यूस्टनहून रात्रीची कॅलेडोनियन स्लीपर थेट येते, शनिवारी रात्री मात्र नसते. भारतीय पासपोर्टवर ब्रिटनचा व्हिजा लागतो. आदल्या रात्री फोर्ट विल्यममध्ये मुक्काम करा, सकाळच्या गाडीच्या दिवशी ग्लासगोहून निघण्याचा धोका घेऊ नका.

शाकाहारी माणसाने काय खावं?

गाडीत चहा, स्कोन, केक मिळतं. मॅलेग हे मासळीचं गाव, तिथे ताजे मासे आणि धुरावलेली हेरिंग खाणाऱ्यांची चंगळ आहे. शाकाहारी लोकांनी फोर्ट विल्यमच्या दुकानातून काहीतरी बरोबर घ्यावं. दशमी-चटणी नेलीत तर फारच उत्तम.

आजी-आजोबांना झेपेल का?

बसून राहायचा प्रवास आहे, त्यामुळे हो. डब्याच्या पायऱ्या उंच आणि दारं अरुंद आहेत, तेवढा हात द्यावा लागेल. चाकाची खुर्ची असेल तर तिकीट काढण्याआधीच कंपनीला विचारा.

पूल ओलांडणारी गाडी बाहेरून पाहायची आहे. कुठे उभं राहावं?

ग्लेनफिननच्या वाहनतळापासून पायवाटा आहेत, पुलाखालूनही आणि टेकडीवरही. सकाळची गाडी फोर्ट विल्यम सोडल्यावर साधारण अर्ध्या-पाऊण तासात तिथे येते. हंगामात वाहनतळ लवकर भरतो आणि लोक रस्त्याच्या कडेला गाड्या लावून गावकऱ्यांचं जगणं अवघड करतात. त्यापेक्षा साध्या रेल्वेने ग्लेनफिननला उतरा, स्थानकातलं लहानसं संग्रहालय बघा आणि चालत जा. रुळांवर पाऊल ठेवू नका, तो गुन्हा आहे.

तिकिटं संपली तर?

उन्हाळ्यातली तिकिटं महिनोन्‌महिने आधी जातात, त्यामुळे हे बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं. अशा वेळी स्कॉटरेलची, म्हणजे स्कॉटलंडच्या नेहमीच्या रेल्वे कंपनीची, रोजची डिझेल गाडी धरा. तेच रूळ, तोच पूल, तोच समुद्र, आणि तिकीट पुष्कळ स्वस्त. वेळापत्रक नीट जुळवलंत तर मॅलेगच्या फलाटावर तुम्ही पोचाल तेव्हा जॅकोबाइट उभी असेल आणि इंजिन जवळून पाहता येईल. वेळ असेल तर तिथून बोटीने अर्ध्या-पाऊण तासात स्काय बेटावरचं आर्माडेल गाठता येतं आणि संध्याकाळच्या गाडीने परतताही येतं. बोटीची परतीची वेळ मात्र निघण्याआधी लिहून घ्या.